हेमलता आणि बठ्ठा

संस्थेच्या वार्षिक सभेच्या हजेरीपुस्तकात चार वर्षं एकच ओळ पडत आली होती. अक्षर आश्रमशाळेत घोटलेलं, टपोरं. 'हेमलता पावरा आणि बठ्ठा.' पुढे सही. बस.

बठ्ठा म्हणजे सगळे. चोपड्याच्या बाजारात हा शब्द पावलापावलाला ऐकू येतो आणि हेमलतानं तो तिथूनच उचलला. घरी पावरी, शाळेत मराठी आणि बाजारात खान्देशी अशा तीन बोली तिच्या जिभेवर सुखानं नांदत होत्या. त्यात 'सगळे' हा शब्द तिला जरा पातळ वाटायचा. 'बठ्ठा' म्हटलं की आख्खा पाडा डोळ्यांपुढे उभा राहायचा, म्हाताऱ्यांसकट, कोंबड्यांसकट, मधल्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडासकट.

तिचा पाडा मोहपाणी. सातपुड्याच्या कुशीत, डांबरी रस्ता संपल्यावर दीड तास चालायचं. खाली सपाटीवर केळीच्या बागा आणि केळीवाल्यांची सहकारी संस्था. पाच वर्षांपूर्वी संस्थेनं सीताफळाचा व्यापार हाती घेतला. सीताफळं सगळी डोंगरात, म्हणून मोहपाणीच्या तेवीस जणांना सभासद करून घेतलं, पायथ्याशी एक संकलन केंद्र उघडलं आणि या तेवीस जणांचा 'डोंगर गट' केला. गटाला एक प्रमुख हवा, तो तुम्हीच निवडा, असं सांगितलं. कागदावर डोंगर गट, पण तोंडी नाव 'वरचे'. सभेच्या दिवशी 'वरचे उनात का?', म्हणजे आले का, असं कोणीतरी विचारायचं आणि वरच्यांसाठी सगळ्यात मागे, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ एक सतरंजी टाकलेली असायची. मुद्दाम कोणी करत होतं असं नाही. जागा ठरून गेली होती.

प्रमुख कोण, हे ठरायला पाड्यावर दोन दिवस लागले. तिथे हात वर करून काही ठरत नाही. महूखाली बसायचं, ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलायचं, आणि कोणाकडेच बोलायचं काही उरलं नाही की ठरलं. मग ते घेऊन एकानं खाली जायचं. तो जे बोलेल ते सगळ्यांचं. जाणारा एकटा जातो असं पाड्यावर कोणी समजतच नाही. त्याच्याबरोबर सगळे गेलेले असतात, पाय तेवढे त्याचे.

हेमलताचं नाव निघालं तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या दुपारी सगळे गप्प झाले, म्हणजे ठरलं. ती दहावी शिकलेली होती हे एक कारण. नवरा बादल रावेरला केळीचे ट्रक भरायला जायचा, पंधरा दिवसांनी यायचा, त्यामुळे तिला वेळ होता हे दुसरं. खरं कारण तिसरंच होतं, आणि त्याची मुळं आश्रमशाळेत होती.

तिसरीत असताना तिची मैत्रीण रुपली रात्रीतून शाळा सोडून घरी पळाली. सकाळी तोताराम गुरुजी हजेरी घ्यायला लागले. गुरुजींची मान हजेरीपटात, वर बघायची सवय नाही. 'रुपली' असं त्यांनी पुकारलं आणि हेमलतानं रुपलीच्या शेंबड्या, नाकातल्या आवाजात 'हजर' म्हटलं. गुरुजींनी टिंब दिलं. पुढे महूची फुलं पडायला लागली. वेचायला घरी माणसं कमी, म्हणून एकेक पोरगी पळत गेली, आणि हेमलता एकटी सहा जणींची 'हजर' सहा आवाजांत देत राहिली. कोणी घोगरी, कोणी झोपाळू, कोणी भांडकुदळ. महिनाभर पट भरलेला. मग एके दिवशी तपासणीला साहेब आले आणि त्यांची मान खाली नव्हती. दुपारपर्यंत हेमलता झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात उभी होती. साहेबांची गाडी गेल्यावर गुरुजी तिच्याजवळ आले, छडी पाठीमागे धरली आणि हळूच म्हणाले, "ती चौथी कोण गं, झोपाळू? तिचा आवाज काढ बघू परत."

पूर्वी धुळ्या-जळगावाकडे फिरत्या नाटक मंडळ्या यायच्या. पाचोऱ्याला कनात ठोकली, आणि राजाचं काम करणारा नेमका तापानं फणफणला, की प्रधानाचं काम करणाराच विंगेत मिशी बदलून राजा व्हायचा. बघणाऱ्यांना कळायचं. तरी टाळ्या दोघांना वेगवेगळ्या मिळायच्या. एका अंगात इतकी माणसं मावतात, याचंच लोकांना कौतुक. हेमलता त्या मंडळींतली. फक्त तिच्या वाट्याला कनात आली नाही, संस्थेची वार्षिक सभा आली.

सभेहून ती उन्हं कलायच्या आत वर पोचायची. महूखाली सगळे वाट बघत असायचे. लुगड्याचा पदर खोचून ती मधोमध उभी राहायची आणि आख्खी सभा करून दाखवायची. अध्यक्ष रतिलाल नाना म्हणजे नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि चष्म्यावरून बघणं. "विषय चार. मंजूर शे ना?" की पुढची रांग विषय न ऐकताच "मंजूर, मंजूर!" दरवर्षी सुरुवातीला माणसं कमी भरायची. मग नाना घड्याळ बघून "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब" म्हणायचे आणि एकजात सगळे चिवड्याकडे उठायचे. तो चिवड्याचा प्रवेश तिचा हातखंडा होता. पाड्यातला सगळ्यात जुना माणूस वेस्ता आबा हसता हसता खोकायला लागायचा. तिची आई भिकुबाई तर तोंडाला पदर लावून लोळायची.

"आणि मी कुठे बसलो होतो?" वेस्ता आबा दरवर्षी विचारायचा.

"तू दाराशी," म्हणून ती त्याच्यासारखी उकिडवी बसून दाखवायची. "चपला राखत."

"पुढच्या वर्षी मला जरा पुढे बसव की!"

ती प्रत्येकाला सभेत कुठे ना कुठे बसवायची. रुपलीला नानांच्या बोलण्यावर नाक मुरडायला लावायची, आईला चिवड्यातले शेंगदाणे निवडायला. प्रत्येकाला वाटायचं, आपण जाऊन आलो. मग जायची गरज कोणाला?

यंदा ऑगस्टअखेर ती संस्थेत गेली तेव्हा भिंतीवर एक यादी डकवलेली होती. वर 'क्रियाशील सभासद' असं छापलेलं. डोंगर गटात एकच नाव होतं. तिचं.

तिला वाटलं पुढचं पान गळलं असेल. ती व्यवस्थापक योगराजकडे गेली. योगराज नशिराबादचा, सरळ माणूस, कोणाचं वाईट चिंतणारा नव्हे.

"भाऊ, आमचे बाकीचे बावीस?"

त्यानं हजेरीपुस्तक काढलं, चार ठिकाणी उघडून तिच्यापुढे ठेवलं. "पाच वर्षांत निदान एका सभेला स्वतः हजर पाहिजे, ताई. तुमच्याकडून दरवर्षी तुम्हीच."

"मी सगळ्यांचं लिहिलंय ना. हे काय, आणि बठ्ठा."

योगराज थोडं हसला, मग हसू आवरलं. "लेखापरीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, हा बठ्ठा कोण? त्याचं पूर्ण नाव काय, आडनाव काय? काय सांगू मी? बठ्ठा नावाचा सभासद आपल्याकडे नाही, ताई."

मागच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं.

"यंदाची सभा व्हायचीये अजून," योगराज म्हणाला. "पाचवी. त्यात ज्याचं त्यानं येऊन हजर म्हटलं तर नाव राहील. नाही आला तर मत गेलं. आणि यंदा तुमचं केंद्र खाली संस्थेच्या आवारात आणायचा विषय आहे. एका मतानं तुम्ही काय अडवणार?"

हेमलतानं मान हलवली. पुस्तक बंद केलं, नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवलं. बाहेर येऊन ती बसथांब्यावर बसली. एक बस गेली, दुसरी गेली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. राग येईल असं वाटलं, तोही आला नाही. दाढ काढायला गेल्यावर डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसं आतून सगळं झालं होतं.

त्या संध्याकाळी महूखाली ती मधोमध उभी राहिली नाही. बसूनच बोलली, आवाज न बदलता. लोक तिच्यातल्या नानांची वाट बघत होते, नाना आलेच नाहीत. सांगून झालं. वेस्ता आबानं काडीनं माती उकरली.

"तू गेली होतीस ना?"

"गेले होते, आबा."

"मग आम्ही गेलो होतो."

"पुस्तकात नाही."

"मग चार वर्षं आम्ही कुठे होतो?"

 

रुपली उठून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे चार वर्षं मी नव्हतेच म्हणता? मग ह्या माझ्या नवऱ्याला भाकरी कोण थापत होतं? भूत? तरीच म्हणतो भाकरी कच्ची!"

लोक हसले. रुपलीचा नवराही हसला. हेमलताच्या ओठांनी हसण्याचा आकार घेतला, तेवढंच.

शेवटी ठरलं की सगळ्यांनी उतरायचं. सीताफळाची तोड एक दिवस थांबेल. प्रश्न भिकुबाईचा होता. पावसाळ्यात ताप येऊन गेल्यापासून तिचे गुडघे धरले होते, चुलीपासून दारापर्यंत ती धरून धरून चालायची. पोरं म्हणाली, बांबूला झोळी बांधून नेऊ.

"झोळीतून कोण उतरतं ठाऊक आहे ना?" भिकुबाई म्हणाली. "मेलेला, नाहीतर मरायला टेकलेला. मी सभेला चाललेय की मसणात?"

"आई, नाव जाईल तुझं."

"जातंय कसं? तू चाललीयेस ना?"

हेमलतानं दोनदा समजावलं. जिला 'तू गेलीस म्हणजे मी गेले' हे तिनंच चार वर्षं करून दाखवलं होतं, तिला आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ती फटफटायच्या आधी एकटी निघाली. हजेरीपुस्तक लवकर मिटू नये म्हणून. बाकीच्यांनी मागून दोन जीपनं यायचं होतं. सभा अकराची. सभागृहात पंखे फिरत होते, पुढच्या रांगा अर्ध्या भरल्या होत्या, दाराशी सतरंजी टाकलेली होती. ती सतरंजीवर बसली. सतरंजी आज मोठी दिसत होती.

रतिलाल नाना व्यासपीठाकडे जाता जाता थांबले. चष्म्यावरून बघितलं. "काय वं हेमलता, यंदाबी एकटीच उनी का? बठ्ठा कोठे शेतस?"

पुढून हशा आला. नानांच्या मनात काही नव्हतं, ते सगळ्यांशीच असं बोलत. एरवी तिनं हा चष्मा, हा हशा लगेच मनात टिपून ठेवला असता, वर करून दाखवायला. आज तिनं बघितलं आणि ते तिथेच राहिलं.

"येताहेत, नाना."

अकरा वाजले. नानांनी घड्याळ बघितलं. "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब." सगळे चिवड्याकडे उठले. तिच्या हातात कोणीतरी चहा दिला. ती दाराबाहेर रस्त्याकडे बघत बसली. चहावर साय धरली. सव्वाअकरा. वीस. पंचवीस झाली तेव्हा पहिली जीप दिसली, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं, आणि तिच्या मागोमाग दुसरी. वेस्ता आबा सगळ्यात आधी उतरला. त्यानं धुतलेला फेटा बांधला होता. दारात चपला काढल्या, आत बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "खरंच की! अगदी दाराशीच!"

सतरंजी पुरेना. शिपाई आणखी दोन घेऊन आला.

यंदा वाद नको म्हणून योगराजनं एकेक नाव वाचून हजेरी घ्यायचं ठरवलं होतं. खालच्या गावांची नावं भराभर झाली. मग त्यानं पान उलटलं. "डोंगर गट. वेस्ता पावरा."

"हजर!" पुढच्या रांगा वळल्या. आबाला वाटलं ऐकू गेलं नाही. "हजर! मी, इथे! हजर!"

"एकदाच म्हणायचं, आबा," योगराज म्हणाला, पण हसत.

एकेक नाव येत गेलं. आवाज येत गेले, जाडे, बारके, भेदरलेले, ठसक्यातले. खालची माणसं माना वळवून बघत होती. पाच वर्षं एकाच संस्थेतले हे सभासद, त्यांची नावं त्यांनी पहिल्यांदा ऐकली. "रुपली पावरा." "हजर," रुपली म्हणाली, नाकात, शेंबडं. हेमलतानं तिसरीत काढला होता अगदी तोच आवाज. इतका तोच की तिला वाटलं आपणच बोललो.

"भिकुबाई पावरा."

कोणी बोललं नाही.

योगराजची मान पुस्तकात होती. पेन टिंब द्यायला टेकलेलं. त्यानं वर बघितलं नसतं. अंगठे नंतर एकदम घ्यायचे होते आणि तेवीस अंगठ्यांत कोणाचा कोणता, कोण बघणार होतं? रुपलीनं कोपरानं हेमलताला ढोसलं. मोहपाणीचे एकवीस जण तिच्याकडे बघत होते. आईचा आवाज तिच्या गळ्यात तयार होता. आधी बारीक खाकरणं, मग शेवटचं अक्षर लांबवलेलं. झोपेतून उठवलं असतं तरी तो तिनं काढला असता. एक शब्द होता.

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं अडवला नव्हता. आतून काही वर चढलंच नाही.

"भिकुबाई?" योगराजनं परत वाचलं. मग "गैरहजर" असं पुटपुटला आणि एक आडवी रेघ ओढली. पेनाचा आवाज दारापर्यंत आला.

"हेमलता पावरा."

सगळ्यात शेवटचं नाव. ती थांबली. हे नाव इथे तिनं कधी पुकारलेलं ऐकलंच नव्हतं. शाळेत सहा जणींची हजेरी देता देता आपली कशी द्यायची, हे तिला आठवेना.

"हजर."

योगराजनं मान वर केली. "कोण बोललं?"

"मी."

त्यानं टिंब दिलं.

केंद्र खाली हलवायचा विषय सहावा होता. नानांनी "मंजूर शे ना?" म्हटलं, पुढून "मंजूर" आलं, आणि मागून बावीस माणसं एकदम "नाही" म्हणाली. नानांनी चष्मा वर सरकवला. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. चिवड्याचा दुसरा फेरा मागच्या सतरंज्यांवरही आला.

परतीच्या जीपमध्ये कान फुटायची वेळ आली. प्रत्येक जण नाना करून दाखवत होता. वेस्ता आबा सगळ्यांत वाईट करत होता, चष्म्याच्या जागी अंगठा धरून, आणि लोक त्याच्यावरच सगळ्यांत जास्त हसत होते. "हिनं दाखवला होता त्यापेक्षा नाना बुटका निघाला!" रुपली म्हणाली. कोणी हेमलताला 'तू कर' असं म्हटलं नाही. कशाला म्हणतील? सगळे बघून आले होते. ती खिडकीशी बसली होती. केळीच्या बागा मागे जात होत्या, हिरव्या, एकसारख्या.

ती घरी पोचली तेव्हा भिकुबाई ओट्यावरच्या खाटेवर शेंगा सोलत बसली होती. पाड्यात हसणं चाललं होतं ते तिच्यापर्यंत येत होतं.

"सगळी आली?"

"आली."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"मग कोण बोललं?"

"कोणी नाही."

भिकुबाईनं हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे टोपलीत टाकले, टरफल वेगळं टाकलं. मग तिनं लेकीकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं न कळणं होतं.

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

म्हातारीनं पाय ओढून घेतले आणि खाटेवर जागा केली. मग आठवून परत पाय पसरले. "बसू नको, उभी राहा. नानापासून सुरू कर. मी एकटीच राहिलेय बघायची."

हेमलता उभी राहिली. पदर खोचला. दोन बोटांनी नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि त्याच्यावरून आईकडे बघितलं. "काय वं हेमलता, यंदाबी एकटीच उनी का?" आवाज हुबेहूब नानांचा आला. तिचा तिलाच लांबून ऐकू आला. भिकुबाईच्या खांद्यांना हसू फुटलं. मग अर्धा तास तहकूब, मग चिवडा, मग आबाचं तीनदा हजर. म्हातारी डोळे पुसत होती.

"आणि मी?" हसता हसता तिनं विचारलं. "मला कुठे बसवलंस यंदा?"

हेमलतानं नाकावरचा हात खाली घेतला.